वेळागरच्या आबांना, बेळगावच्या वडगावातून

आदरणीय आबा आणि काकी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मोबाइलवर आलं की तुम्हाला वाचून दाखवीन, असं तुमच्या नातीनं कबूल केलंय. घरी येऊन सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समुद्र ओळखायची जी शिकवण तुम्ही आम्हाला दिलीत ती एका गल्लीत अडवून ठेवायची नाही, असं आमच्या भिशीतल्या सगळ्या बायकांचं म्हणणं पडलं.

तसा समुद्र आम्हाला लांब नाही. हिंडलग्यावरून जाणारा आमचा रस्ताच वेंगुर्ला रोड. शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, मग आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथून शिरोड्याचा तुमचा वेळागर किनारा काही फार लांब नाही. जांबोटीकडून चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. पहाटे निघालेला माणूस जेवायच्या आधी किनाऱ्यावर पोचतो. पण आम्ही शेवटी घाटावरची माणसं. आमच्या ओळखीचं पाणी म्हणजे परड्यातली विहीर, राकसकोपचं धरण, खानापूरकडची मलप्रभा. हे पाणी एकतर थांबलेलं असतं, नाहीतर एकाच दिशेनं वाहतं. दिवसातून दोनदा पुढं येणारं आणि दोनदा मागं जाणारं पाणी आम्ही कधी वाचलेलंच नव्हतं.

आणि मनात भीती होती. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. त्या रात्री बेळगावात कितीतरी घरांत चूल पेटली नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत समुद्राचं नाव काढलं की कुणीतरी आजी म्हणायचीच, ‘देवाला जाऊया की, तिकडं कशाला?’ पोरं गप्प बसायची. मला ते फार लागायचं, कारण आजीचं खोटं नव्हतं आणि पोरांचंही चुकत नव्हतं.

म्हणून आबा, त्या पहिल्या खेपेला सुरूच्या बनातून आम्ही वाळूवर आलो आणि तुम्ही जाळं विणायचं सोडून उठून आलात, ते मी विसरणार नाही. रागावला नाहीत, शिट्टी मारली नाहीत. आमच्यासोबत पाण्याकडं तोंड करून उभे राहिलात आणि बोट दाखवलंत. ‘थंयसर पाणी शांत दिसता मां? थंय जाव नकात. लाटा फुटतत थंय ऱ्हवा, फुटनत नाय थंय ओढ आसता.’ आम्हाला तर तीच जागा पोरांसाठी बरी वाटत होती! दोन्ही बाजूंना पांढरा फेस, आणि मधला पट्टा जरा काळपट, गुळगुळीत. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेनं परत आत जातं, हे तुम्ही वाळूत काठीनं रेघा ओढून समजावलंत. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडं झगडत यायचं नाही, दमून माणूस जातो. पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला धरून आडवं सरकायचं, कारण ओढीचा पट्टा फार रुंद नसतो. आणि काही झालं तरी समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. हे शेवटचं तर आमची बारकी पोरं आता मोठ्यांना दटावून सांगतात.

दुसरा धडा पंचांगाचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि पहाटे तीनलाही. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण पाऊण तास पुढं जाते म्हणून हा पाऊणचा आकडा, हेही तुम्ही सांगितलंत. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढ-उतार कमी. आबा, आमच्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. एकादशी, संकष्टी, दूधवाल्याचे खाडे, सिलिंडरची तारीख, सगळं त्याच्यावर. त्याच कागदावर समुद्राचं वेळापत्रक आहे हे आम्हाला तुमच्या अंगणात बसून कळलं.

आता आमची सहल अष्टमीच्या जवळचा रविवार बघून ठरते. सकाळी सहाच्या सुमाराला भरती होऊन गेलेली असते, आम्ही पोचतो तेव्हा पाणी उतरत असतं. ओहोटी चालू असेपर्यंत कुणी पाण्यात जात नाही. ओल्या वाळूवर चालायचं, शंख-शिंपले बघायचे, खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या पोरांना दाखवायच्या, वर मर्यादवेलीची जांभळी फुलं असतात ती तोडू द्यायची नाहीत. बारानंतर पाणी पुन्हा चढायला लागतं. मग जेवून, जरा थांबून, गुडघाभर पाण्यात, तुम्ही दाखवाल त्याच टप्प्यात. ऊन कललं की बाहेर. एवढी शिस्त पाळूनही मजा कमी होत नाही. उलट आयांचा जीव टांगणीला लागत नाही, म्हणून त्याही पहिल्यांदाच मनसोक्त भिजल्या.

माझ्या सासूबाईंचं मात्र वेगळं सांगायला हवं. सगळं आयुष्य मागाजवळ बसून कांड्या भरण्यात गेलं. घाट कधी उतरल्या नव्हत्या. गुडघे धरलेले, मऊ वाळूत पाऊल रुतायचं, म्हणून ‘मी गाडीतच बसतो, तुम्ही जाऊन या’ म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, ओहोट पुरी होऊ दे. पाणी उतरल्यावर खालची वाळू फरशीइतकी घट्ट होते, तिच्यावर आजी आपल्या पायानं चालतील. काकींनी एक हात धरला, मी दुसरा. तुम्ही प्लास्टिकची खुर्ची घेऊन पुढं गेलात. पायावरून पहिली लाट गेली तेव्हा त्यांनी लुगडं सावरलं आणि कितीतरी वेळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पलीकडचा काठ दिसंना की गे!’ त्या दिवशी त्यांना उठवायला आम्हाला आर्जवं करावी लागली. आता थंडी पडली की ‘अष्टमी कधी हाय बघ’ म्हणून त्याच मागं लागतात. आबा, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

काकी, तुमच्याबद्दल लिहायचं तर हात थांबणार नाही. आम्ही मुक्कामाला राहिलो तेव्हा सकाळी रापण ओढायला आम्हालाही दोरावर उभं केलंत. होडीनं अर्धगोल जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांना माणसं, आणि हळूहळू सरकत येणारा तो भार. हात लावणाऱ्याला वाटा मिळायचा, असा तुमचा रिवाज. आमच्या वाट्याला तारल्या आणि थोडे बांगडे आले. तुम्ही तिरफळं घालून जे तिखलं केलंत, ते उकड्या भाताबरोबर खाताना कुणी बोलत नव्हतं. आणि आमच्या शेजारच्या कन्नड घरातल्या अक्का मासे खात नाहीत हे कळल्यावर, कुणी सांगायच्या आत, वेगळ्या भांड्यात वेगळ्या पळीनं काळ्या वाटाण्याची उसळ केलीत. अक्का अजून त्या उसळीचं नाव काढतात. पैसे तर तुम्ही दोघांनी घेतलेच नाहीत. आम्ही आणलेला बासमती आणि कुंदा तेवढा ठेवून घेतलात. निघताना उलट मिठागरातल्या मिठाची पिशवी हातात दिलीत. १९३० साली ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला तिथलं ते मीठ, म्हणून माझ्या मुलानं त्यातलं थोडं बाटलीत भरून शाळेत नेलं.

तुमच्या कानावर घालायचं ते हे की, ही शिकवण आता आमच्या गल्लीबाहेर गेलीय. पंधरा तिथ्या आणि त्यांच्यासमोर भरतीच्या वेळा, असा तक्ता आम्ही मोठ्या अक्षरांत करून मंडळाच्या खोलीत लावला, खाली कन्नडमध्येही लिहिला. अनगोळच्या एका बचत गटानं तो उतरवून नेला. येळ्ळूरकडच्या एका शिक्षकांनी सहलीआधी मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला. काळ्या गुळगुळीत पट्ट्याचं चित्र माझ्या मुलीनं काढलंय. ती माहेरवाशिणींना, पाहुण्यांना, गोव्याला निघालेल्या कुणालाही बसवून समजावते. ‘देवाला जाऊया की’ म्हणणाऱ्या आजी मागच्या खेपेला पुढच्या सीटवर बसून आल्या. मला वाटतं, आमच्या भागातून किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीनं आधी तिथल्या एखाद्या मासेमाराशी पाच मिनिटं बोलावं. सूचनेची पाटी वाचून जे कळत नाही, ते त्याच्या बोटाकडं बघून कळतं.

एक मागणं आहे. पावसात तुम्ही होडी वर काढून शाकारून ठेवता, हाताला तेवढं काम नसतं. तेव्हा दोघांनी चार दिवस आमच्याकडं या. सावंतवाडीहून बेळगावची एसटी धरा, स्टँडवर न्यायला आम्ही असू. राकसकोप भरलेलं दाखवू, वडगावातले माग दाखवू, सासूबाई तुमच्यासाठी दशम्या आणि शेंगाची चटणी करणार म्हणून आत्तापासून ठरवून बसल्यात. काकी, येताना तेवढी तिरफळं आणा. इथल्या बाजारात मिळतात, पण त्यांना तुमच्या झाडाचा वास नाही.

तुमची,
वडगावच्या भिशीतली सून, आणि सगळ्या बायका