व्हिडिओ उघडायच्या आधी हे वाच

प्रिय आई,

तुला एक व्हिडिओ पाठवणारे, पण त्याच्या आधी हे सगळं वाचून घे. कारण त्यात चिऊच्या पोटावर, पाठीवर लाल पुरळ दिसतंय आणि ते बघितलंस की बाकी काही न बघता तू थेट फोन लावशील, आणि तेव्हा इकडे रात्रीचे दोन वाजलेले असतील. तर आधीच सांगते, ती आता ठणठणीत आहे. आत्ता माझ्या शेजारी झोपलीय, पालथी, ढुंगण वर करून.

गेल्या गुरुवारी मी कॅमेरा चालत नाहीये म्हणाले ना, ते खोटं होतं. चिऊ माझ्या मांडीवर होती आणि तापाने फणफणली होती. तू तिकडे रात्रभर जागत बसशील म्हणून नाही सांगितलं, म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं, खरं कारण हे की तुझा चेहरा दिसला असता तर मी तिथेच भोकाड पसरलं असतं.

झालं असं की बुधवारी रात्री दूध प्यायला उठली तर मानेला हात लावल्या लावल्या चटका बसला. थर्मामीटर लावला तर ३९.४. आता इतकी वर्षं झाली इथे, बाकी सगळं जमतं, पण ताप काही मला सेल्सिअसमध्ये कळत नाही गं, माझ्या डोक्यात ताप म्हणजे शंभर, एकशे एक, असाच. मोबाईलवर हिशोब केला तर जवळजवळ १०३! तुझ्या जावयांना हाक मारली तर ते चष्मा शोधत बसले.

रात्री फोनवर एक नर्स भेटते, तिला लावला. मला वाटलं घाबरून जाईल, लगेच घेऊन या म्हणेल, तर बाई एकदम शांत. आधी विचारलं लस कधी झाली. बारा महिन्यांची गोवराची लस होऊन दहा दिवस झाले होते, तर म्हणाली त्या लसीचा ताप आठवडा-दीड आठवड्यानेसुद्धा येतो, तसंही असेल. मग वजन विचारलं, कारण पॅरासिटामॉल वयावर नाही तर वजनावर द्यायचं असतं, किलोला १५ मिलिग्रॅम. आपली चिऊ ९ किलो २०० ग्रॅम, म्हणजे एका वेळी १३८, सहा तासांनी, आणि दिवसात चारच वेळा. आणि मग, शेवटची शू कधी केली? हा प्रश्न तिने तीनदा विचारला. तापाच्या आकड्यापेक्षा तिला शूचीच काळजी, शू होतेय म्हणजे अंगात पाणी आहे. डायपर कोरडाच राहिला, ती मलूल पडली, जागी होईना, किंवा श्वास घेताना धाप लागली तर मात्र एक मिनिट थांबू नका म्हणाली. तू आम्हाला गार पाण्याच्या घड्या ठेवायचीस ते पण विचारलं, तर नको म्हणाली, गार पाण्याने पोरं उलट कुडकुडतात. अंगातलं जाड झबलं काढा आणि पाजत राहा. (तुझ्या घड्यांनी मला बरं वाटायचं हे मी तिला सांगितलं नाही.)

मग काय, फ्रिजवर कागद चिकटवला. वेळ, ताप, औषध, शू. तुझ्या जावयांनी दुसऱ्या दिवशी त्याचं एक्सेल केलं, त्यात शूला पिवळा रंग. मी चिडले तेव्हा, पण रात्री तीन वाजता शेवटचं औषध कुणी दिलं, दिलं का नाही दिलं, हे दोघांनाही आठवत नव्हतं तेव्हा त्या कागदानेच वाचवलं, नाहीतर दोनदा दिलं गेलं असतं.

औषध देणं म्हणजे एक युद्ध. सुई नसलेली सिरिंज असते ना, त्यातून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. ती सिरिंज दिसली की ओठ घट्ट मिटायचे, मान इकडे, मान तिकडे, मग पायांनी लाथा, आणि एवढं करून तोंडात गेलंच तर क्षणभर शांत बसून आमच्याकडे बघायची आणि फुर्रर्र. जावयांचे दोन शर्ट गेले त्या गुलाबी डागांपायी.

तीन दिवस असेच. तीन रात्री ती फक्त माझ्या छातीवर झोपली, मी खुर्चीत. शनिवारी सकाळी ताप एकदम उतरला, आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोवर रविवारी अंघोळीला कपडे काढले तर अंगभर लाल पुरळ. माझे हातपाय गळाले. परत फोन, तर नर्स म्हणाली फोटो पाठवा. फोटोत ते पुरळ नीट येईना, म्हणून जावई म्हणाले व्हिडिओ काढू. तो हा व्हिडिओ.

डॉक्टरांनी सोमवारी बघितलं, रोझिओला म्हणाले. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना सर्रास होतो, व्हायरस असतो, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तीन-चार दिवस सणसणीत ताप आणि तो उतरला की पुरळ, ही त्याची खूण. म्हणजे पुरळ बघून मी रडले तेव्हा दुखणं संपलेलंच होतं! लसीचा काही संबंध नव्हता. पाळणाघरात जायला लागल्यापासून हे चालूच आहे, वर्षाला आठ-दहा सर्द्या धरूनच चाला म्हणाले, मी म्हटलं सहा झाल्या.

आता तुझा प्रश्न. जेवली का? आई, नाही जेवली. तापात तर दूध-पाण्याशिवाय काही नाही, पण खरं सांगायचं तर वाढदिवसापासूनच तिचं जेवण कमी झालंय आणि तू 'बारीक दिसतेय' म्हणतेस ते मला फार लागतं. डॉक्टरांना विचारलं मी. त्यांनी तक्ता काढून दाखवला. जन्माला ३ किलो १०० ग्रॅम होती, वर्षात तिप्पट झाली, आता दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढायचंय. त्याच वेगाने वाढली तर दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस किलोची होईल, मग उचल म्हणावं! भूक त्या मानाने कमी होणारच. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिने. एक चूक मात्र माझी होती. जेवली नाही की मी वर दूध द्यायचे, उपाशी कशी झोपवू म्हणून. तर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट त्यानेच भरतं आणि लोह कमी पडतं. आता जेवणाआधी दूध बंद, आणि मोबाईल दाखवून भरवणं पण बंद. हे दुसरं जावयांना जड जातंय.

आणि ती जेवते कशी ते तू बघायला हवंस. ताटलीत मऊ भात असतो. त्यातलं एक शीत, एकच, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत पकडते, डोळ्यांजवळ नेऊन तिरळी होईपर्यंत बघते, आणि हात खुर्चीबाहेर नेऊन सोडून देते. मग वाकून बघते, कुठं गेलं. मग दुसरं. वीस मिनिटांत पोटात चार घास आणि जमिनीवर अख्खी पंगत. मी खाली बसून पुसते तेव्हा वरून माझ्या केसांत भात.

काकू दर फोनला विचारते रांगली का. तिला सांग, नाही रांगली, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घर फिरली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात आपल्याकडची मुलंही होती, तर शंभरातली चार मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. आणि आधाराशिवाय चालायला आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही लागतात. हे २००६ सालीच छापून आलंय, काकूपर्यंत पोचलं नाही एवढंच.

तर व्हिडिओ. जावई पुरळ शूट करतायत, चिऊ नुसत्या डायपरवर सोफ्याला धरून उभी, मी समोर बसून ती सिरिंज धुऊन पुसतेय. चार दिवस जिला बघून थयथयाट केला तीच सिरिंज बाईंना पाहिजे. तिने सोफा सोडला. एक, दोन, तीन, चार पावलं, आणि माझ्या हातातून सिरिंज हिसकावून स्वतःच तोंडात घातली.

पुरळाकडे बघू नकोस, पायांकडे बघ. बाबांना आवाज बंद करून दाखव, शेवटी मी फार वेड्यासारखी ओरडलेय.

तुझी,
ताई

ता. क. सिरिंज अजून तिच्याकडेच आहे, देत नाहीये.