आवाज बदलला की उठायचं

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही. गड्ड्याच्या जत्रेसाठी आलेल्या पाहुण्यांनी घर भरलं होतं. लॉगआउट केल्यावरही जुनं टोकन, म्हणजे लॉगिनची डिजिटल ओळखखूण, दहात एखाद्या वेळी चालतं, एवढ्यावरून तू सॉफ्टवेअरची रिलीज अडवलीस आणि सगळी टीम तुझ्यावर चिडली. तुझा आवाज पडलेला होता, म्हणून लिहितोय. तू बरोबर केलंस.

आमचे अण्णा आठव. कारखान्यात बारा माग एकदम खडखडायचे, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्यातून अण्णा हातातला चहा खाली ठेवून सरळ एकाच मागाकडे जायचे. तिथं ताण्याचा धागा तुटलेला असायचा. कसं कळलं विचारलं, तर म्हणायचे, "आवाज बदलला." तो धागा तेव्हाच सांधला नाही, तर पुढच्या सगळ्या टॉवेलांवर उभी रेघ उमटत जाते.

२०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंडनं दुसरं काय केलं? माणूस पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, सिक्युरिटीवाला नव्हेच. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायला, नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. खोदत गेला, तर एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' नावानं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदतीचा हात देत, ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावत, तो टेस्ट फाइल्समध्ये दडवून आत आणला होता. २९ मार्चला फ्रॉइंडनं सगळं जाहीर केलं, आणि बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचायच्या आधीच ते थोपलं. हॅकर म्हटलं की मला असा खोलात शिरून शोधणारा माणूसच आठवतो. पेपरवाले चोराला हॅकर म्हणतात, ते मला आजही मनाला लागतं.

तुला कधी सांगितलं नाही, पण मी एकदा गप्प बसलोय. एका व्यापाऱ्याच्या पोर्टलवर माझं बिल बघत होतो. पत्त्याच्या ओळीतला शेवटचा आकडा टाइप करताना चुकला आणि समोर दुसऱ्याच माणसाचं बिल, फोन नंबरासकट! बिल मागणारा त्याचा मालक आहे का, हे सर्व्हर तपासतच नव्हता. फोन करून सांगितलं, तर "पोलिसात देऊ" म्हणाले. मी घाबरलो. सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेला, कळवता आलं असतं, तेही केलं नाही. कितीतरी महिने ते भोक तसंच उघडं होतं. त्या पोर्टलवर बिलं असलेल्या लोकांचा काय दोष होता रे?

म्हणून तू मागे हटू नकोस. दहात एकदाच होतंय, म्हणजे लोड बॅलन्सर ज्यांच्यात काम वाटून देतो, त्यातल्या एखाद्याच सर्व्हरला टोकन रद्द झाल्याचं कळत नसणार. प्रत्येक सर्व्हरवर थेट रिक्वेस्ट मारून बघ, आणि आधी कॅश, म्हणजे सर्व्हरनं तात्पुरती साठवलेली माहिती, तपास. जो सापडेल त्याचा लॉग वेळेसकट जपून ठेव. उद्या रात्री नऊनंतर मी मोकळा आहे, फोन कर. दोघं मिळून बघू.

तुझाच