एका नावाचे दोन तांबट

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आमच्या घराण्याने काढलेल्या दिवसांचे तीन मोडी कागद आपण वाचून दिलेत: एक वाटणीपत्र, एक हिशेबाची वही आणि एक गहाणखत. आपली वाचनाची रीत इतर घराण्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून आभार असे जाहीरपणे मानतो.

तांब्याचा धंदा नावारूपाला आणणारा पूर्वज एकच, असा घरात पक्का समज होता. आपण दाखवून दिलंत की ते दोघे होते, आजोबा आणि नातू. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असली की एक पिढी सोडून पूर्ण नाव जसंच्या तसं परत येतं: 'अमका बिन तमका', मग 'तमका बिन अमका', मग पुन्हा 'अमका बिन तमका'. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', पण इथे बापाचं नाव जोडूनही माणूस वेगळा ओळखू येत नाही. ओळखू येतो तो सालावरून.

वाटणीपत्रावर आकड्यात साल नव्हतंच. 'सन सलास अशरीन मयातैन व अलफ' एवढे शब्द होते. सलास ३, अशरीन २०, मयातैन २००, अलफ १०००, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी अंकशब्दांची कालगणना) १२२३. त्यात ५९९ मिळवले की १८२२ च्या मृगापासून १८२३ च्या मृगापर्यंतचं वर्ष येतं. (फसली, म्हणजे महसुली सन असता तर ५९० मिळवायचे.) आमच्याकडच्या जुन्या टिपणात 'सलास'चं 'सलासीन' झालं होतं, म्हणजे तिनाचे तीस. पण अशरीन हा दशकाचा शब्द पुढे असताना दुसरा दशकाचा शब्द बसूच शकत नाही, हे आपण एका ओळीत लिहून दिलंत. सबा-सबैन (७-७०), तिसा-तिसैन (९-९०) या जोड्यांतही हीच चूक होते.

वहीचा घोळ मोठा होता. पहिल्या पानावर शकाच्या तिसऱ्या आकड्यावर डाग, त्यामुळे आम्ही १७६९ धरत होतो. महिना फाल्गुन, म्हणजे इसवी १८४८. १८२२ सालचा कर्ता माणूस १८४८ मध्येही दुकानावर बसलेला असू शकतो, म्हणून दोन माणसांचा एक झाला आणि कुणाला संशयही आला नाही. आपण डागाशी झगडत बसला नाहीत, शेजारचं 'ईश्वरनाम संवत्सरे' वाचलंत. संवत्सरांची साठ नावं क्रमाने फिरत असतात. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तितकावा संवत्सर, प्रभव पहिला. १७६९ ला बाकी ४१ उरते, तो प्लवंग. १७९९ ला ११ उरते, तो ईश्वर. शके १७९९ चा फाल्गुन म्हणजे १८७८ चा मार्च. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. तीस वर्षांचा फरक पडला आणि नातू आजोबांच्या सावलीतून बाहेर आला.

तो नातू कसा जगला, हे त्याच वहीत आहे. व्यापाऱ्याने पत्रा वजनाने द्यायचा, तांबटाने भांडी वजनाने परत करायची, मधली कतरण आणि तूट वेगळी मांडायची आणि घडणावळ शेरावर घ्यायची. हिशेबातली '५।।।=' ही खूण आम्ही पाच हजारांच्या घरातली रक्कम समजत होतो. उभा दंड म्हणजे पावली (चार आणे), आडवी रेघ म्हणजे आणा. रक्कम पाच रुपये चौदा आणे! वजनातही असाच सापळा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर ८० तोळ्यांच्या शेराने ४० शेरांचा सरकारी मण ८२ पौंडांच्या वर. कुठला मण ते न पाहता बेरीज केली की घराणं तिप्पट श्रीमंत नाहीतर तिप्पट गरीब दिसतं.

'मठार' हा शब्द आपण 'माठ' होऊ दिला नाहीत, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. घागर एका पत्र्यातून निघत नाही. भाग वेगवेगळे ठोकायचे, एका काठाला दाते कातरून ते आलटून पालटून आतबाहेर वाकवायचे, दुसरा काठ त्यात बसवून टाकणखार लावून झाळ द्यायची. ठोकून तांबं कडक होतं, म्हणून मधूनमधून लाल तापवून नरम करावं लागतं. घाई केली की काठ तडकतो आणि तो पत्रा कतरणीत जातो. चिंचेने उजळलेल्या भांड्यावर शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके द्यायचे, हा मठार. त्याने चकाकी येते, पण खरं काम वेगळं: पातळ पत्रा पुन्हा टणक होतो आणि भांड्याला पोचे पडत नाहीत. वहीत त्याची मजुरी वेगळी आहे, ती उगाच नाही.

१८७६ ते ७८ हा दुष्काळाचा काळ, आणि वही सुरू होते ती त्याच्या अखेरीस. तिच्या पहिल्या पानांवर नव्या घागरींपेक्षा 'मोड' जास्त जमा आहे. घरोघरची भांडी मोडीत निघत होती आणि ती वितळायला याच आळीत येत होती. साल चुकीचं असताना ही पानं आमच्यासाठी मुकी होती.

गहाणखतात 'कोम' हा शब्द बाईच्या नावापुढे आला, म्हणजे 'ची बायको'. आणि मुलापुढे 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला. घरात त्याचा अर्थ 'अडाणी' असा लावून एका पूर्वजावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला. १८७५ च्या कायद्याने सज्ञान वय १८ ठरलं (कोर्टाने पालक नेमला असेल तर २१), त्यामुळे खताच्या तारखेवरून त्याच्या जन्माची अलीकडची-पलीकडची हद्द ठरवता आली. पाठीमागचा नोंदणीचा शेरा वाचायलाही आपणच सांगितलंत. पुस्तकाचा आणि पानाचा क्रमांक तिथेच असतो, आणि त्यावरून निबंधकाच्या दप्तरात पुढचा माग निघतो.

आपल्या सूचनेप्रमाणे कागद लॅमिनेट केले नाहीत, चिकटपट्ट्याही लावल्या नाहीत. पाठपोट फोटो काढले, एक सरळ उजेडात आणि एक बाजूने तिरपा उजेड टाकून. झेरॉक्समध्ये आण्याच्या बारीक रेघा उडतात, म्हणून ती केली नाही.

वहीतले तीन शब्द आपण प्रश्नचिन्ह घालून सोडलेत. वंशावळीच्या नव्या प्रतीत ते प्रश्नचिन्हासकट तसेच ठेवले आहेत. प्रत सोबत पाठवत आहोत.

आपले ऋणी,
तांबट आळीतलं एक घराणं