संध्याकाळी आलेल्या वायरमनभाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

काम संपताच तुम्ही पिशवी उचलून मोटारसायकलला किक मारलीत. मजुरीच्या हिशेबापलीकडे काही बोलायची संधी तुम्ही आम्हाला दिली नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) नणंदा मुलाबाळांसह माहेरी आल्या आहेत, पार्किंगच्या शटरखालून पोरांची दिवसभर पळापळ चालू आहे, आणि मी स्वयंपाकघरात निर्धास्तपणे उभी राहू शकते, ती केवळ तुमच्यामुळे.

चैत्र लागल्यापासून आमचे मोटरचे शटर संध्याकाळी हटकून बिघडत असे. बटण दाबले की हातभर खाली येई आणि पुन्हा वर जाई. अंधार पडला की मात्र निमूट बंद होई. ज्यांनी मोटर बसवली त्यांची माणसे नेहमी सकाळी येत. सकाळी शटर व्यवस्थित चाले, आणि मग "साहेब घरी असतील तेव्हा फोन करा" असे मला सांगून ती निघून जात. ऊन कलले की हे होते, असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, पण त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिले नाही. एकाने तर पूर्ण मोटर बदलण्याचा खर्च पुढे ठेवला. दुसऱ्याने जे केले, ते आठवले की अजून अंगावर काटा येतो. त्याने सेन्सरच्या तारा काढून पॅनलमध्ये वायरचा एक तुकडा जोडला, कटकट मिटल्याचे सांगितले आणि पैसे घेऊन गेला. शटर खरोखरच चालू लागले. खाली कोणी उभे असले तरी आता ते थांबणार नाही, हे सांगण्याची गरज त्याला वाटली नाही. त्या दिवसांत धाकटा नातू त्याच दारात गाडी गाडी खेळत बसे.

मूळ बिघाड कोणी शोधलाच नव्हता, म्हणून तुम्हाला फोन केला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता की बिघाड कोणत्या वेळी होतो. "संध्याकाळची तक्रार आहे ना ताई, मग मी संध्याकाळीच येतो," असे तुम्ही म्हणालात आणि तसेच आलात. आल्यावर मोटरकडे न जाता तुम्ही ओट्यावर सासूबाईंच्या शेजारी टेकलात. त्यांना कमी ऐकू येते हे ध्यानात येताच जरा पुढे सरकून विचारलेत, "माय, तू सांग, कव्हय बंद पडस?" त्यांनी काठी उचलून पूर्वेकडच्या खांबाच्या तळाशी पडलेले ऊन दाखवले. तुम्ही मान खाली घालून त्या काठीच्या रेषेत, अगदी तिच्या टोकापर्यंत पाहिलेत आणि म्हणालात, "बरोबर शे." भाऊ, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे पुरावा म्हणून ऐकून घेणारा माणूस त्या दारात तोवर आला नव्हता. त्या रात्री सासूबाई बऱ्याच वेळ जाग्या होत्या आणि प्रत्येकाला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

पॅनल उघडून तो वायरचा तुकडा पाहताच तुमचा चेहरा बदलला. बाकी सारे बाजूला ठेवून तुम्ही आधी तो काढलात आणि सेन्सरच्या तारा पुन्हा जोडल्यात. मग समजावून सांगितलेत की एका खांबावरचा सेन्सरचा डोळा न दिसणारा अवरक्त किरण सोडतो आणि समोरचा तो झेलतो. आमचे दार उत्तराभिमुख, आणि या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे उतरते ऊन थेट झेलणाऱ्या डोळ्यात शिरते, त्याला खरा किरण ओळखू येत नाही, आणि मध्ये कोणीतरी आले असे समजून शटर वर जाते. हिवाळ्यात हाच सूर्य दक्षिणेकडे मावळत असल्याने तेव्हा काही झाले नव्हते. गळ्यातला रुमाल तुम्ही खांबाजवळ आडवा धरलात, तशी लुकलुकणारी बारीक बत्ती स्थिर झाली आणि शटर शेवटपर्यंत खाली आले. दोन्ही डोळ्यांच्या जागा तुम्ही आपसांत बदलल्यात, आणि कमरेच्या उंचीवर बसवलेले ते डोळे जमिनीपासून ६ इंचांवर आणलेत, कारण रांगणारे मूल कमरेएवढ्या किरणाखालून सहज निघून जाते. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित दारांना असा बचाव १९९३ पासून कायद्याने सक्तीचा आहे. आमच्याकडे तो तुमच्यासारख्याच्या सचोटीवर अवलंबून राहावा, याचे मला वाईट वाटते.

न्हाणीवरच्या, माणूस आले की आपोआप लागणाऱ्या दिव्याची तक्रार मी केलीही नव्हती. सासूबाईंनीच जाता जाता सांगितले की रात्री अगदी दाराशी पोचल्यावर तो लागतो. तुम्ही अंधार पडेपर्यंत थांबलात, त्यांना रात्री चालतात तसेच चालायला सांगितलेत आणि हात न लावता त्यांच्या मागून एकेक पाऊल चालत गेलात. हा दिवा अंगाची ऊब आणि आजूबाजूची ऊब यांतला फरक टिपतो. दिवसभर तापलेल्या आमच्या भिंतींपुढे तो फरक उन्हाळ्यात फार थोडा उरतो, आणि त्यातही समोरून सरळ, सावकाश येणारे माणूस त्याला उशिरा कळते. म्हणून तुम्ही तो दारावरून काढून बाजूच्या भिंतीवर लावलात. आता त्या ओट्याची पायरी उतरतात तोच उजेड पडतो.

या गावात पारा ४४ अंशांवर गेला तरी खांबावर चढून तारा जोडणारी, टाकीत उतरणारी, दुसऱ्याच्या घरातले काम स्वतःच्या घरातले समजून करणारी माणसे आहेत. त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे. फसवणारी लक्षात राहतात. तुम्हीही आमच्या लक्षात राहाल.

आसोद्याची वांगी बाजारात आली की आमच्याकडे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा बेत असतो. वहिनींना आणि मुलांना घेऊन तुम्ही जेवायला यावे, असे सासूबाईंचे सांगणे आहे. त्या दिवशी कामाची पिशवी घरी ठेवून यावे, हे माझे.

आपली,
जळगावची एक ताई