पालेर्मोत उपाशीपोटी निघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. सिसिलीतल्या पालेर्मोच्या त्या ‘फूड टूर’चे पैसे भरू नकोस. गाइडच्या मागून बारा जणांनी रांगेत जायचं आणि तो देईल तो घास खायचा, याला का खाणं म्हणतात? मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं एका कागदावर चार नावं लिहून निघालो होतो. तीच वाट सांगते.

सकाळी पोटात काही न घालता नीघ. स्टेशनापासून बाल्लारोचा बाजार पायी दहा मिनिटांवर आहे. जवळ गेलीस की पत्ता विचारावाच लागत नाही, विक्रेत्यांच्या आरोळ्या ऐकू येतात. आपल्या मंडईसारख्याच, पण जरा जास्त सुरात. तिथे पानेल्ले घे. नाव परकं, वस्तू घरचीच. चण्याचं पीठ मीठ-पाण्यात शिजवून घोटायचं, घट्ट झालं की पातळ थापायचं, गार झालं की कापून तळायचं. पाटवडीच म्हण ना! कोथिंबिरीच्या जागी पार्सली, एवढाच काय तो फरक. तीळ लावलेल्या पावात भरून देतात, वर लिंबू पिळून घे. बाबा पहिल्या घासाला म्हणाले, “हिंग विसरलेत.”

शेजारी प्लीहेचा पाव मिळतो, पानी का मेउसा. वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून चरबीत परततात. नुसता लिंबू पिळून हवा असेल तर ‘स्किएत्ता’ म्हणायचं, म्हणजे बिनलग्नाचा. चीज घालून हवा असेल तर ‘मारिताता’, लग्न झालेला. तू कुठला मागतेस ते कळव. मावशीला उत्सुकता आहे.

मग माक्वेदा रस्त्याने क्वात्रो कांतीच्या चौकात ये आणि डावीकडे वळून कॅथेड्रलपर्यंत जा. हे खाण्यापैकी नाही, पण चुकवू नकोस. दक्षिणेकडच्या दाराशी एका खांबावर कुराणातली ओळ कोरलेली आहे. अरबांनी ८३१ मध्ये हे शहर घेतलं, १०७२ मध्ये नॉर्मन आले, तरी तो खांब राहिला. अरबांनी आणलेले लिंबू, संत्री आणि ऊसही राहिले. पास्ता मूळचा कुठला यावरून कुणी वाद घातला तर सांग, ११५४ साली नॉर्मन राजाच्या दरबारातल्या अल-इद्रिसी या भूगोलकारानं लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळच्या त्राबियात शेवया करून जहाजांनी दूरदूर पाठवतात.

तू १३ डिसेंबरला पोचतेस, हे फार छान झालं. त्या दिवशी सांता लुचिया या संत स्त्रीचा सण. तिथे तेव्हा पाव आणि पास्ता खात नाहीत. १६४६ च्या दुष्काळात गव्हाचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायची वाट न पाहता गहू उकडून खाल्ले, असं आमच्या खोलीच्या मालकीणबाई सांगत होत्या. म्हणून कुच्चिया: उकडलेले गहू, त्यात गोड रिकोटा, म्हणजे मऊ ताजं चीज. आपल्या गव्हाच्या खिरीची लांबची बहीण. आणि आरांचिने, भाताचे तळलेले गोळे. एक मागायचा तर ‘आरांचिना’ म्हण. ‘आरांचिनो’ सिसिलीतल्याच काटानिया शहराकडचे म्हणतात, इथे लगेच चूक काढतील. त्या गोळ्यांना ब्रेडचा चुरा लावलेला असतो, मग पावाचं व्रत मोडत नाही का, असं मात्र विचारू नकोस. साबुदाणा उपासाला कसा चालतो, हे आपण तरी कुठे विचारतो?

कान्नोली, म्हणजे गोड रिकोटा भरलेली तळलेली नळी, आधीच भरून ठेवलेली दिसली तर पुढे जा. मागितल्यावर समोर भरून देतात तिथेच घे, नाहीतर नळी मऊ पडते.

तीनचाकीवर भोंगा लावून स्फिंचोने विकत फिरतात. जाड, मऊ पावावर कांदा-टोमॅटो. बाबांनी दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्यासाठी परत गेले. त्या सॉसमध्ये अँचोवी मासळी असते, हे मला रात्री कळलं. त्यांना अजून माहीत नाही. फोनवर बोलशील तेव्हा जपून.

तुझी,
आई