सही तुमचीच आहे ना काका?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुतणीच्या लग्नासाठी आम्ही साताऱ्यात एक मंगल कार्यालय बुक केलं होतं, भाडं 90 हजार, त्यातले 45 हजार ॲडव्हान्स. तारखेला अडीच महिने असताना नवऱ्या मुलाचे आजोबा वारले, तिकडच्या मंडळींनी वर्षभर थांबू म्हटलं आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन कॅन्सल केलं. मॅनेजरने पावती उलटी करून दाखवली, मागे बारीक अक्षरात छापलेलं, 'कोणत्याही कारणास्तव ॲडव्हान्स परत मिळणार नाही'. वर म्हणतो, सही तुमचीच आहे ना काका?

सही माझीच होती, गप्प घरी आलो. पण त्याच मुहूर्ताच्या दिवशी त्या रस्त्याने जाताना बघितलं तर गेटवर झेंडूची कमान, दुसऱ्याच जोडप्याच्या नावाचा फुलांचा बोर्ड आणि आत सनई चालू. म्हणजे हॉल रिकामा राहिलाच नाही, भाडं त्यांना मिळालंच, माझे 45 हजार वरचे!

मग वकील मित्राला गाठला. तो म्हणाला भारतीय करार कायदा 1872, कलम 74 वाच. करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची असं लिहिलेलं असलं तरी ती रक्कम म्हणजे फक्त वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. इंग्लंडात 2015 पर्यंत आधी ठरवावं लागायचं की लिहिलेली रक्कम नुकसानीचा खरा अंदाज आहे की नुसता धाक दाखवायला लावलेला दंड (1915 ची डनलॉप टायरची केस त्यासाठी प्रसिद्ध आहे, टायरमागे 5 पौंड, कोर्टाने तो अंदाज मानला). आपल्याकडे ती भानगड ठेवलेलीच नाही, दोन्हीला एकच माप.

1963 च्या फतेचंद केसमध्ये दिल्लीच्या बंगल्याचा व्यवहार फिसकटला, विकणाऱ्याने घेतलेले 25 हजार गिळायचे ठरवले, सुप्रीम कोर्टाने विसाराचे, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेले, 1 हजार ठेवू दिले, बाकीच्या 24 हजारांची जप्ती मान्य केली नाही. 1969 मध्ये मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराची केस आली, लष्कराला बटाटे, अंडी, मासे पुरवायचा ठेका, माल वेळेवर दिला नाही म्हणून 18,500 चं डिपॉझिट जप्त. कोर्ट म्हणालं बाजारातून महाग घ्यावं लागलं असेल तर हिशोब दाखवा, सरकारने दाखवला नाही, पैसे परत. आणि माझ्या केसशी सगळ्यात जुळणारी 2015 ची, दिल्ली विकास प्राधिकरणाने 3.12 कोटींच्या प्लॉटसाठी घेणाऱ्याने आगाऊ भरलेले 78 लाख जप्त केले आणि तोच प्लॉट नंतर 11.78 कोटींना विकला, मग नुकसान कसलं? 78 लाख परत करावे लागले.

कार्यालयवाल्यांची बाजू मला कळते. लग्नसराईत तारीख रिकामी गेली तर ती गेलीच, आणि नुकसान आकड्यात मांडणं अवघड असेल तर लिहिलेली वाजवी रक्कम चालते असंही कोर्टाने 2003 मध्ये सांगितलंय. लग्नाला आठच दिवस उरले असताना कॅन्सल केलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता.

पण दाद मागायची कुठे? 2019 च्या ग्राहक कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार 'अनफेअर कॉन्ट्रॅक्ट' धरलाय, चांगलंय, फक्त त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, अगदी 45 हजारांसाठी सुद्धा. वकील, हेलपाटे, रजा धरल्या तर निम्मे पैसे त्यातच जातील, आणि हे कार्यालयवाल्यांना, क्लासवाल्यांना, फ्लॅट भाड्याने देताना लॉक-इन (मुदतीआधी सोडता येणार नाही अशी अट) टाकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. लहान रकमांचे असे करार जिल्हा आयोगातच चालले पाहिजेत, आमच्या खासदारांनी एवढं तरी संसदेत मांडावं.

मी सध्या पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवलीय, खर्चापोटी 5 हजार ठेवा, 40 द्या म्हणून. पोच सही होऊन आलीय, यावेळी सही त्यांची आहे, उत्तर अजून नाही.

आपला,
एक वाचक, सातारा