‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?

कोल्हापूर, रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मेलमध्ये ‘मीटिंग प्रीपोन करू या’ लिहिलंस म्हणून साहेब सगळ्यांसमोर हसले, हे परवा सांगताना तुझा आवाज बसला होता. फोनवर मला काही सुचलं नाही, म्हणून आज सवडीनं लिहितोय.

पुण्यात गेलीस त्या पहिल्याच आठवड्यात ‘मी येतो’ म्हणालीस म्हणून होस्टेलच्या पोरी हसल्या होत्या. तेव्हा ‘आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात’ म्हणून त्यांच्याशी भांडलीस. मग इंग्रजी आलं की मान खाली का? ‘पोस्टपोन’मधलं ‘पोन’ म्हणजे लॅटिनमधलं ‘ठेवणं’. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘प्री’ म्हणजे आधी. ‘प्रीपोन’ आपल्याकडं रुळला आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही जाऊन बसला. विलायतेत मेल जाणार असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिही, तेही समोरच्याला चटकन कळावं म्हणून.

त्याच मेलमधलं ‘डिस्कस अबाउट’ मात्र चूक, तिथं साहेबांचंच खरं. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून हात आपोआप ‘अबाउट’कडं जातो. डिस्कसला ते लागत नाही. ‘सिन्स टू इयर्स’चंही तेच. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘2022 पासून’, दोन्हीकडं आपलं ‘पासून’ चालतं. इंग्रजीत खाती वेगळी. किती दिवस झाले ते मोजायचं असेल तर ‘फॉर’, खातं कधी उघडलं ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’. (दिवाणजीची पोर आहेस, हे तरी विसरू नकोस.)

‘लेस’ की ‘फ्यूअर’ हेही विचारलं होतंस. गुळाचे रवे मोजता येतात, ते ‘फ्यूअर’. काहिलीतली काकवी ‘लेस’. पण गंमत ऐक. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थानं ‘मला असं बरं वाटतं’ एवढंच लिहिलं होतं, पुढच्या मास्तरांनी त्याचा कायदा केला. त्याआधी शेकडो वर्षं मोजायच्या वस्तूंनाही लोक ‘लेस’ म्हणतच होते. तेव्हा ऑफिसात पाळ, पण दुसरं कुणी चुकलं तर हसू नकोस.

आता तुझा लहानपणचा प्रश्न. एकट्या माणसाला ‘यू आर’ का, ‘यू इज’ का नाही? तेव्हा मी ‘पाठ कर’ म्हणून मोकळा झालो होतो. खरं उत्तर तुझ्याच तोंडात आहे. तू आईला ‘तू’ म्हणतेस, मला ‘तुम्ही’. मी एकटाच असलो तरी ‘आप्पा आले’ म्हणतेस, ‘आला’ नाही. इंग्रजीतही हेच होतं. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही. मोठ्या माणसाला मान म्हणून अनेकवचनी ‘यू’ लावायची रीत पडली, ती वाढत वाढत सगळ्यांनाच लागू झाली. सतराव्या शतकात ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातनं जवळजवळ गेला. ‘आर’ हे त्या मानाचं शेपूट, तेवढं राहिलं. इंग्रजीत आदर नाही असं लोक म्हणतात. मला तर वाटतं, ते कुत्र्यालाही अहोजाहो करतात. गेला तो त्यांचा ‘तू’. आईला हाक मारताना त्यांचं कसं होत असेल, कुणास ठाऊक.

आणखी एक. अडतीवर आयुष्यभर वह्या लिहिल्या, बिलावर इंग्रजीत ‘जॅगरी’ लिहिताना मला तो साहेबाचा शब्द वाटायचा. निघाला आपला! संस्कृत ‘शर्करा’ दक्षिणेत ‘चक्करा’ झाली, तिथनं पोर्तुगीजांनी उचलली, त्याचं ‘जॅगरी’. तीच शर्करा फारशी-अरबीतनं फिरून ‘शुगर’ झाली. म्हणजे माल आपला, पोत्यावरचा शिक्का तेवढा त्यांचा. ‘मंगूज’ तर आपलं मुंगूसच. त्याचं अनेकवचन मात्र ‘मंगीज’ करू नकोस, ‘मंगूजेस’ कर. ‘गूज’ पक्ष्याचं अनेकवचन ‘गीज’ होतं खरं, पण त्याच्याशी मुंगसाचं काही नातं नाही.

गुऱ्हाळं सुरू झालीत. नव्या गुळाचा एक छोटा रवा आणि बाटलीभर काकवी बुधवारी शेजारच्या काकांबरोबर पाठवतोय. बाटलीचं झाकण आईनं दोऱ्यानं बांधलंय, उघडताना सांभाळून.

तुझे,
आप्पा